आठव्या मैलाची मोतीबाई

छप्पन साली आपला मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबईच्या राज्यात गेला, त्याच साली रामसिंग मैलकुली म्हणून लागला. राज्य बदललं, कचेरीच्या कागदांवरचे शिक्के बदलले, पण आठव्या मैलाचा दगड होता तिथेच राहिला, आणि त्याच्या पुढचा खड्डाही.

मैलकुली म्हणजे ज्याच्या नावावर एक मैल रस्ता बांधून दिलेला असतो तो माणूस. पांढरकवड्याहून झरीकडे जो मुरमाचा रस्ता जातो, त्याचा आठव्या दगडापासून नवव्या दगडापर्यंतचा तुकडा रामसिंगचा. त्याचा बंजारा तांडा त्या रस्त्याला लागूनच. रामसिंगचे आजोबा-पणजोबा बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले, आणि हा एका मैलात अडकला, म्हणून तांड्यातले लोक त्याची थट्टा करत. तो हसायचा. बाराही महिने घरात ज्वारी असायची, मग हसायला काय जातं?

एकसष्ट सालच्या चैतात त्याला मुदतीचा ताप आला आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. मागे राहिली त्याची बायको मोतीबाई, सात वर्षांची पोरगी सुखी, आणि म्हातारी आई बिजलीबाई. शेत नव्हतंच. आता मोतीबाईपुढे एकच वाट, गिट्टी फोडणाऱ्या टोळीबरोबर गावोगाव फिरायची. टोळी एकदा निघाली की आठ-आठ महिने परत येत नसे. सुखी आणि म्हातारी कोणाच्या भरवशावर सोडायच्या?

सासूनेच वाट काढली. बिजलीबाईच्या तोंडात दोनच दात होते, पण जीभ शाबूत होती.

"पोरी, रामसिंगचा मैल कोण सांभाळून राह्यलं आता?"

"कोणी नाही याडी." सासूला ती याडीच म्हणायची, म्हणजे आई.

"मंग जाऊन साहेबाले सांग, मी सांभाळतो म्हणावं. फावडा काय मिशा पाहून चालते का?"

मोतीबाई डोक्यावरचा पदर सावरून, हातातली कड्यांची चळत खणखणवत कचेरीत गेली. मुकादम भगवानराव दारातच बसले होते. ऐकून त्यांना हसूच फुटलं. "बाईमाणूस मैलकुली? उद्या म्हशी येतील म्हणतील, आमाले मुकादम करा."

आत ओव्हरसिअरसाहेब होते. तरुण माणूस, चष्मा, बोलणं कमी. रामसिंगला ते ओळखत होते. त्यांनी मोतीबाईकडे पाहिलं, समोरच्या नकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पावसाळाभर बदली मजूर म्हणून ठेवतो. दिवाळीच्या आधी मी स्वतः मैल पाहीन. चांगला असला तर तुमचं नाव कायम करायला वर पाठवतो. नसला तर दुसरा माणूस घ्यावा लागेल. कबूल?"

"कबूल," मोतीबाई म्हणाली. तिला फक्त 'कायम' एवढाच शब्द ऐकू आला होता.

भगवानरावांबद्दल वाईट बोलू नये. हसले खरे, पण गोदामातून त्यांनी रामसिंगचाच फावडा शोधून काढला, दांड्यावर त्याने कोरलेली खूण होती तो, आणि तिच्या हातात दिला. एवढं कोण करतं?

आता मोतीबाईला मैलकुलीचं काम ठाऊक होतं ते किती? उन्हाळ्यात ती रामसिंगची भाकर घेऊन यायची तेव्हा तो खड्डे भरताना दिसायचा. घमेल्यातून मुरूम आणायचा, खड्ड्यात टाकायचा, पाणी मारायचा, धुम्मसाने ठोकायचा. पावसाळ्यात भाकर तो स्वतःच फडक्यात बांधून न्यायचा, म्हणून पावसाळ्यात तो काय करतो ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी मैलकुली म्हणजे खड्डे. मग ती खड्ड्यांच्या मागेच लागली.

तांबडं फुटायच्या आत ती रस्त्यावर. सरकारी वेळ आठची, ही सहापासून घामाघूम. खड्डा भरला की त्यावर नाचून बघायची, दबतो का म्हणून. नवव्या दगडापाशी पोचली तरी हात थांबायचे नाहीत, पलीकडचेही दोन-चार खड्डे भरून टाकायची. मैलाच्या दगडाला चुना लावायचा होता, तो तिने लावला आणि वरून शेंदूरही फासला. आपल्या मैलाचा राखणदार तोच नाही का? आठ दिवसांत लाकडाच्या ट्रकवाल्यांनी तिथे नारळ फोडायला सुरुवात केली. भगवानराव आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले.

"बाई, ह्या दगडावर आकडा असते. शेंदराखाली गेला तो. आता कोणी विचारलं कितवा मैल, तं काय सांगाचं? मारोतीचा?"

तिने शेंदूर खरवडला. पण थोडासा मागच्या बाजूला राहू दिला, कोणाला दिसणार नाही असा.

नवव्या दगडापलीकडचा मैल डोमाजीचा. डोमाजी कुणब्याचा, जवळच्याच खेड्यातला, अठ्ठावीस वर्षं हीच नोकरी केलेला. अंगाने वाळकी शेंग, गळ्यात तुळशीची माळ, कमरेला तंबाखूची चंची. तो आठला यायचा. सव्वासात नाही आणि सव्वाआठ नाही. फावडा खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडेकडेने एक चक्कर मारायचा, कुठे दोन फावडे माती ओढायचा, कुठे पालापाचोळा काढायचा. दुपारी कडुलिंबाखाली बसायचा तो चांगला बसायचा. आणि संध्याकाळी पाच वाजता झरीकडून येणारी मोटार दिसली की फावडा उचलून घराकडे. मोटारीचा कंडक्टर म्हणायचा की आमच्या गाडीला घड्याळ लागत नाही, डोमाजी चालायला लागला म्हणजे आपण वेळेवर आहोत.

मोतीबाईला त्याचा राग यायचा. रामसिंग मेला आणि हा असा बसून पगार खातो!

एकदा डोक्यावरचं घमेलं खाली न उतरवताच ती म्हणाली, "डोमाजीबाबा, बसून बसून मुळ्या फुटतील तुम्हाले."

"फुटू दे," डोमाजी तंबाखू मळत म्हणाला. "सावली वाढन."

"मले तं लाज वाटते बा, असं बसाले."

"मंग नको बसू. सरकारनं काही जबरदस्ती केली नाही."

"तुमच्याकडचे दोन खड्डे मी भरले आज."

"पाह्यले." त्याने चिमूट गालात सरकवली. "कायले भरले?"

"दिसले म्हणून!"

"हं," डोमाजी म्हणाला. झालं. 'बरं केलं' नाही, 'उपकार झाले' नाही. मोतीबाई दिवसभर फणफणत राहिली.

मैलाच्या मध्यावर एक मोरी होती, रस्त्याच्या पोटातून पाणी पलीकडे जायला केलेली दगडी वाट. मृगाचे पहिले दोन पाऊस झाले आणि मोतीबाईने पाहिलं की रस्त्याच्या वरच्या अंगाने नालीतलं पाणी वाहत येतं, मोरीत शिरतं आणि पलीकडे ओढ्यात निघून जातं. सगळं वाया. तिचं काळीज हळहळलं. ती तांड्यातली लेक. तांडा म्हणजे गुरंढोरं, आणि गुरांचा माणूस वाहतं पाणी पाहिलं की त्याच्या आडवा दगड टाकणारच. तिच्या बापाने आयुष्यभर तेच केलं, आजाने तेच केलं. जिथे मुक्काम, तिथे ओहोळाला बांध. पाणी अडलं तर गुरं जगली, गुरं जगली तर माणसं.

मग तिने सकाळच्या वेळात, सरकारी काम सुरू व्हायच्या आधी, मोरीच्या तोंडाशी मोठमोठे दगड लोटले, सांधीत चिखल आणि खुरपलेलं गवत ठासलं आणि झकास बांध घातला. चार दिवसांत नालीत कमरेएवढं पाणी उभं राहिलं. तांड्याची गुरं तिथे येऊन पाणी पिऊ लागली. मोतीबाईलाही खड्ड्यांवर मारायला पाणी हाताशी आलं, नाही तर ओढ्यावरून घागरी आणाव्या लागत. तांड्याचे नायक देवीलाल स्वतः येऊन पाहून गेले.

"वा पोरी," ते म्हणाले, "रामसिंगनं पाच वर्षांत केलं नाही ते तू महिन्यात केलं."

मोतीबाईला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

मग आषाढ लागला.

असा लागला की थांबायचं नावच घेईना. आणि आठवा मैल फुटायला लागला. आज भरलेला खड्डा उद्या जास्त मोठा. एक भरला की शेजारी दुसरा. मोरीच्या अलीकडे-पलीकडे तर रस्ता असा झाला, जशी दह्याची कवडी, वरून घट्ट आणि पाय टाकला की खाली लिबलिबीत. मोतीबाई सहाची पाचला यायला लागली. दुपारची भाकर उभ्याने खायची. मुरमाचा ढीग संपला तर भगवानरावांच्या हातापाया पडून दुसरी गाडी मागवली. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. कड्यांच्या खालची कातडी सोलून निघाली. सुखी संध्याकाळी तिच्या पायाला तेल चोळायची आणि विचारायची, "याडी, रस्ता बरा झाला का वं?" जणू घरात कोणी आजारीच आहे.

श्रावणात एक दिवस झरीकडून येणारी मोटार मोरीपाशी मागच्या चाकावर रुतली. बावीस माणसं खाली उतरली, गुडघाभर चिखलात उभी राहून ढकलायला लागली. मोतीबाईही त्यांच्यात होती. गाडी निघाली ती तिच्या तोंडावर चिखलाची चूळ टाकूनच. गाडीतून उतरलेला एक जण म्हणाला, "ह्या मैलाले कोणी वाली नाही का?"

दुसऱ्या दिवशी भगवानराव आले. हसले नाहीत, हेच वाईट. "मोतीबाई, तू मेहनत करते, मी पाहतो. मी तसं लिहीनही. पण साहेब मेहनत नाही पाहणार, मैल पाहणार. अन् मैल तं असा आहे."

ते गेले. पुढे काय होणार ते स्पष्ट होतं. दिवाळीनंतर टोळी निघणार, टोळीबरोबर ती जाणार, आणि सुखीच्या पायाला तेल कोण लावणार?

तिने नवव्या दगडापलीकडे पाहिलं. तोच पाऊस, तोच मुरूम, तेच ट्रक. आणि डोमाजीचा मैल कोरडाठाक, सपाट. एखाददुसरा खड्डा, तोही शहाण्यासारखा कडेला.

इतके दिवस ती स्वतःला सांगत होती की त्याची जमीनच चांगली आहे. त्या दिवशी ते सांगणंही संपलं. ती दगड ओलांडून गेली आणि लिंबाखाली त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमच्या मैलात खड्डे काहून नाहीत?"

डोमाजीने मान वर केली. तेवढ्यात लांबून मोटारीचा आवाज आला. तो उठला, धोतर झटकलं, फावडा घेतला. "उद्या आठले ये. आता सुट्टी झाली माही."

मोतीबाईने घरी जाऊन सासूपुढे त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बिजलीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिव्या देऊन झाल्या असतील तं झोप. आठले जायचं आहे."

सकाळी डोमाजीने तिला एकही खड्डा दाखवला नाही. रस्त्याच्या कडेकडेने नालीतून चालवत नेलं. नाली स्वच्छ, उतार धरून केलेली. पाणी येत होतं आणि जात होतं, कुठेही रेंगाळत नव्हतं. त्याच्या मोरीपाशी तो खाली वाकला आणि म्हणाला, "पाह्य इकडून."

ती वाकली. मोरीच्या त्या टोकाला उजेड दिसत होता आणि उजेडात चरणारी एक शेळी.

"शेळी दिसली?"

"दिसली."

"बस. एवढंच आहे काम. रोज सकाळी शेळी दिसली पाहिजे. शेळी नसली तं झाड दिसलं पाहिजे. पाणी रस्त्याच्या अंगाले घटकाभर टेकलं, की रस्ता आतून भिजते. मंग तू वरून सोनं भर, ते खाली जाते. खड्डा भरणं हे शेवटचं काम आहे पोरी. तू ते पहिलं धरलं."

तिच्या डोळ्यांसमोर तिची मोरी आली, दगडांनी आणि चिखलाने गच्च बुजवलेली, आणि तिच्या वर कमरेएवढं पाणी. आषाढ आणि अर्धा श्रावण. अडवलं कोणी? तिनेच. तेही सकाळी लवकर उठून, फुकटात.

मग राग आला. "तुम्ही दोन महिने पाहून राह्यलते! सांगितलं काहून नाही? तोंडात नुसती तमाखूच होती का?"

"होती," डोमाजी म्हणाला. "अन् मी सांगितलं असतं तं तू काय म्हणली असती? बुढा स्वतः बसते अन् मले अक्कल शिकवते."

ती अगदी हेच म्हणाली असती. शब्दन् शब्द.

ती आपल्या मैलावर परत आली आणि बांध काढायला लागली. घालताना चार सकाळी लागल्या होत्या, पण आता दोन महिन्यांचा गाळ त्यावर बसला होता, दगड एकमेकांत रुतून बसले होते. पाण्यात उतरून ती पहारीने एकेक दगड हलवत होती. वर आभाळ काळं होत होतं. आज रात्री पुन्हा मोठा पाऊस झाला आणि पाणी असंच उभं राहिलं, तर मोरीवरचा रस्ता उद्या बसणार, हे तिला आता न सांगता कळत होतं. वरचे दगड निघाले. तळाचा एक धोंडा मात्र हलेना.

पाचची मोटार आली. मोतीबाईने वर पाहिलंसुद्धा नाही. पण मोटार मोरीपाशी येऊन थांबली आणि कंडक्टर दारातून बाहेर वाकला. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं.

"अरे डोमाजी," तो ओरडला, "घरी नाही गेलास? आम्ही लवकर आलो का काय?"

मोतीबाई वळली. डोमाजी तिच्या मागेच होता, धोतर खोचून, पहार घेऊन पाण्यात उतरत.

"तुम्ही वेळेवर आहात," तो कंडक्टरला म्हणाला. "मलेच आज उशीर आहे. जा आता, रस्ता बसन."

मोटार गेली. दोघांनी दोन बाजूंनी पहारी घातल्या.

"बाबा, हा तुमचा मैल नाही," मोतीबाई म्हणाली. तिला रडू येत होतं, म्हणून जरा चिडूनच.

"माहीत आहे. आकडा वाचता येते मले, त्याले शेंदूर नसला तं." त्याने पहारीवर जोर दिला. "पण मी दिवसभर इचार केला. मोरी बुजली की तुह्या मैलातलं पाणी शेवटी माह्याच नालीत येते. तुले सांगणं, ते कामातच येत होतं. मी केलं नाही. तेवढं राह्यलं होतं, ते करून राह्यलो. लाव जोर."

धोंडा उलटला आणि पाणी असं सुटलं की मोतीबाई मोरीच्या भिंतीवर जाऊन आपटली. पलीकडच्या तोंडातून काळा लोट निघाला, मागून गवत, काटक्या, कोणाची तरी चप्पल. दिवेलागणीपर्यंत नाली रिकामी झाली. डोमाजी खाली वाकला आणि म्हणाला, "अंधार आहे. उद्या पाह्यजो."

रात्री पाऊस पडला. सकाळी मोतीबाईने मोरीतून पाहिलं. शेळी नव्हती, पळसाचं झाड होतं. तिने त्या झाडाला हात जोडले.

आता तांड्याचा प्रश्न होता. गुरं सवयीने आली आणि कोरड्या नालीत तोंड घालून हंबरायला लागली. देवीलाल नायक तणतणत आले. "कुणब्याच्या नादी लागून आपल्याच गुरांच्या तोंडचं पाणी काढलं का तू?"

मोतीबाईने काही वाद घातला नाही. मुरूम खणून खणून रस्त्यापासून दूर एक मोठी खदान पडली होती. मोरीतून निघालेलं पाणी ओढ्याला मिळायच्या आधी एक चर काढून तिकडे वळवता येत होतं. तिने नायकांना तिथे नेऊन दाखवलं. "इथं अडवा काका, पाहिजे तेवढं अडवा. रस्त्याले फक्त सोडा." तांड्याची दहा माणसं एक दिवस राबली आणि खदान भरली, नालीपेक्षा तिप्पट पाणी. नायक काठावर उभे राहून म्हणाले की हे आपल्या आधीच डोक्यात होतं. मोतीबाई 'हो काका' म्हणाली. नायक माणसांना एवढं म्हणावं.

भादव्यापासून ती आठला यायला लागली. आधी नाली, मग मोरी, मग रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरचं गवत, आणि उरलाच तर खड्डा. खड्डे रोज थोडे थोडे कमी होत गेले. दुपारी भाकर खाली बसून खायची. पहिल्या दिवशी बसताना तिला इतकं चोरट्यासारखं वाटलं की मोटार आली तेव्हा ती दचकून उभीच राहिली. मग सवय झाली. हाताचे फोड वाळले. नवव्या दगडापाशी पोचली की फावडा टेकायची आणि पलीकडे लिंबाखाली पाहून ओरडायची, "बाबा, मुळ्या फुटल्या का?"

"तुह्या कुठवर आल्या?"

दसऱ्यानंतर ओव्हरसिअरसाहेब आले. बरोबर भगवानराव. जीप त्यांनी आठव्या दगडापाशीच सोडली आणि पायी निघाले. मोतीबाई मागे. बिजलीबाई सुखीला घेऊन तांड्याच्या तोंडाशी येऊन उभी होती, गवऱ्या वेचायचं निमित्त करून.

मुकादमांनी आपलं काम केलं, खोटं बोलले नाहीत. "साहेब, खरं सांगतो. श्रावणापर्यंत ही बाई मरमर राबली. आता आठले येते, पाचले जाते, दुपारी झाडाखाली बसते. मी डोळ्यानं पाह्यलं."

साहेब थांबले. "मोतीबाई, काम कमी केलं का तुम्ही?"

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर नोकरी जाणार. तिने लांब तांड्याकडे पाहिलं, सुखीचा लाल घागरा दिसत होता. मग म्हणाली, "हो साहेब. केलं."

भगवानरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, की बाई वेडी झाली का.

"खड्डे कमी झाले न साहेब. जो खड्डाच नाही, तो मी कसा भरू?"

साहेब चालत मोरीपाशी गेले, पँट सावरत नालीत उतरले आणि गुडघ्यावर बसून मोरीतून आरपार पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"पलीकडे म्हशी पाणी पिताहेत," ते म्हणाले. "छान दिसतंय." मग उठून मुकादमांना म्हणाले, "भगवानराव, रस्त्याच्या कडेला पाणी नाही थांबलं म्हणजे झालं. बाई थांबली तर थांबू द्या."

कागद वरून यायला होळी उजाडली. तांड्यात होळीच्या गाण्यांची लेंगी चालू होती, बाया-माणसं फेर धरून गात होती, तेव्हा भगवानराव सायकलवरून कागद घेऊन आले. आत काय लिहिलंय ते त्यांनीच वाचून दाखवलं, कारण मोतीबाईला आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. तिने त्यांच्या कपाळाला गुलाल लावला आणि पाया पडली. "असू दे, असू दे," मुकादम म्हणाले, "आता म्हशी यायच्या बाकी आहेत." बिजलीबाईने त्यांच्या पुरणपोळीवर तुपाची वाटीच उपडी केली.

गिट्टीची टोळी त्याही वर्षी निघाली, पुढच्याही वर्षी. मोतीबाई आठव्या दगडापाशी उभी राहून त्यांना निरोप द्यायची. सुखी शाळेत जायला लागली.

चौसष्ट साली डोमाजी निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी त्याने काही वेगळं केलं नाही. आठला आला, नाली पाहिली, मोरी पाहिली, लिंबाखाली बसला. पाचच्या मोटारीच्या जरा आधी मोतीबाई दगड ओलांडून आली आणि पदराखालून एक चंची काढून त्याच्यासमोर ठेवली. लाल-निळ्या धाग्यांनी गच्च भरलेली, आरशाचे बारीक तुकडे, कडेला कवड्या. तीन महिने ती संध्याकाळी चिमणीच्या उजेडात भरत होती. अर्धी भरून झाल्यावर एक रांग वाकडी दिसली म्हणून पूर्ण उसवून पुन्हा भरली होती.

डोमाजीने ती उलटसुलट करून पाहिली. आरशात त्याचं पांढरं खुंट आलेलं तोंड पंधरा ठिकाणी दिसलं.

"एवढं कायले केलं वं पोरी? साधी शिवली असती, तरी तमाखू राह्यलीच असती."

"असू द्या, बाबा," मोतीबाई म्हणाली. "भरतकाम, हा मैल माहा आहे."

लांबून मोटार दिसली. डोमाजीने जुनी चंची सोडली, तिच्यातली तंबाखू नवीत भरली, कमरेला बांधली आणि फावडा उचलला. थोडा पुढे जाऊन थांबला, मागे वळला आणि म्हणाला, "सकाळी माह्या मोरीतून एकदा पाहून घेजो. नवा माणूस सोमवारी येणार आहे."

"त्याले सांगीन मी," मोतीबाई म्हणाली. "न विचारताच सांगीन."